निरोप कुणाचा, अर्थ कुणाचा?

करोनाच्या लशींमुळे दूत आरएनए घरोघरी पोहोचला. डीएनएमधला मजकूर उतरवून घ्यायचा, रायबोसोमपर्यंत न्यायचा, की प्रथिन तयार! या कथेत सगळा मान दूताला मिळतो. पण निरोपाचा अर्थ दूत लावत नाही. तो लावतो टीआरएनए. एका टोकाला तीन अक्षरांचा प्रतिसंकेत आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल घेऊन येणारा हा दुभाष्या. १९६२ मध्ये शास्त्रज्ञांनी टीआरएनएवर आधीच बसलेल्या सिस्टीनमधले गंधक काढून त्याचे अ‍ॅलनीन केले. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी ते मुकाट्याने गुंफले. तो पोत्यावरचा शिक्का वाचतो. आत गूळ आहे की साखर, हे उघडून पाहत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील के. डी. सोनवणे यांनी आर. तिवारी यांच्यासह २००८ मध्ये ज्याच्या रचनेचा अभ्यास मांडला, ते लायसिडिन याहून बोलके. ई. कोलाय जिवाणूच्या एका टीआरएनएचा प्रतिसंकेत जनुकात ‘सीएयू’ असा असतो. हा प्रतिसंकेत ‘एयूजी’ वाचतो, म्हणजे मिथिओनिन. पण एक विकर त्यातल्या ‘सी’ला लायसिनची शेपटी जोडते (हेच लायसिडिन) आणि तोच टीआरएनए ‘एयूए’ वाचू लागतो, मिथिओनिन सोडून आयसोल्युसिन उचलतो. जनुकातले अक्षर जागचे हललेलेही नसते. ही शेपटी कशी वळलेली असते आणि त्यामुळे ‘जी’ऐवजी ‘ए’शी जोडी कशी जमते, हे कोल्हापुरात गणिताने तपासले गेले. संगणकावरचे गणित म्हणजे प्रयोग नव्हे, हे मान्य. पण शेपटीने अर्थ बदलतो, हे दाखवणारा प्रयोग १९८८ मध्येच जपानी शास्त्रज्ञांनी केला होता. प्रश्न उरला होता तो आकाराचा.

कुणी म्हणेल, शेपटी जोडणारे विकरही डीएनएतच लिहिलेले आहे, मग शेवटचा शब्द डीएनएचाच. आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. ते विकर स्वतः प्रथिन आहे आणि ते घडवायला आधीचे टीआरएनए लागतात. म्हणून विभाजनात प्रत्येक नव्या पेशीला डीएनएबरोबर तयार दुभाषेही वारशात मिळतात. ही जिवाणूपुरती गंमतही नव्हे: मेलास या आजारात माणसाच्या तंतुकणिकेतील एका टीआरएनएवर टॉरिनची अशीच जोडणी हुकलेली आढळते. लायसिडिन मात्र माणसात नाही आणि ई. कोलायला त्यावाचून जगता येत नाही. जिवाणूला मारून रुग्णाला धक्का न लावणाऱ्या औषधासाठी याहून नेमके ठिकाण सहसा सापडत नाही.