लाल गोळी आणि आठ किलोंचं मूल

धाकट्या डहाणूच्या कोळी घरात काय किंवा तलासरीच्या पाड्यावर काय, गरोदर बाई असेल तिथे लोहाच्या लाल गोळ्या आल्याच. त्या हव्यातच, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण ही दुसरी खेप असेल, तर पहिलं मूल नेमकं दिसेल ते तोंडात घालायच्या वयाचं असतं. वरून साखरेचं लालचुटुक आवरण. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एका अभ्यासात तर धाकट्या भावंडाच्या जन्माच्या आगेमागे थोरल्याला लोहाची विषबाधा होण्याचा धोका वाढलेला दिसला.

एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, 60 च्या वर जिवावर बेततं. आठ किलोंच्या मुलाला त्यासाठी आठ-नऊ गोळ्या पुरतात. म्हणजे कुपोषणामुळे गोळ्यांची गरज जिथे जास्त, तिथलंच मूल हडकुळं आणि विषाला लवकर बळी पडणारं. त्यात हे विष फसवं. आधी उलट्या-जुलाब, मग काही तास मूल चक्क बरं दिसतं, खेळूही लागतं. तेवढ्यात लोह यकृतावर आणि रक्ताभिसरणावर घाला घालत असतं. ‘उतरलं’ म्हणून घरी थांबणं इथेच महागात पडतं.

हा धोका सांगितला तर बायका गोळ्याच सोडतील, ही आरोग्यसेविकांची धास्ती खोटी नाही. पण गप्प राहणं हा त्यावर इलाज नव्हे, आणि आईच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणं तर त्याहून नाही. एका खोलीच्या घरात कुलपाचं कपाट आणायचं कुठून? अमेरिकेत 1992-93 मध्ये एकट्या लॉस एंजेलिस परिसरात पाच मुलं लोहाच्या गोळ्यांनी दगावली. 1997 ते 2003 या काळात तिथे जास्त लोहाची प्रत्येक गोळी स्वतंत्र बंद करून देणं सक्तीचं होतं आणि मृत्यू झपाट्याने घटले. आया रातोरात सावध झाल्या नव्हत्या, बदललं होतं वेष्टण. आपल्याकडे पाकिटं आहेत, पण गोळ्या सुट्या पुडीत बांधून देणं थांबायला हवं. पाकीट पिशवीत घालून आढ्याला टांगायचं आणि औषधाला ‘गोड गोळी’ म्हणायचं नाही, एवढं कुठल्याही झोपडीत जमतं.

तरीही मुलाने गोळ्या खाल्ल्याच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. 108 ला फोन करावा, एम्सच्या विषबाधा केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांकही आहे. उरलेलं पाकीट सोबत न्यावं. किती गोळ्या कमी आहेत, यावरून डॉक्टरांना पुढचा हिशेब मांडता येतो.