थोरांना घेऊन निघताना

शिरपूर जैनसारख्या गावात लग्नाची पत्रिका आली की घरात पहिला हिशेब गाडीचा होतो. कोण कोण येणार, जागा किती, पहाटे निघायचे की रात्री. या हिशेबातून घरातली वयस्क माणसे बहुधा स्वतःच बाजूला होतात. ‘तुम्ही जाऊन या, मी घर राखते,’ असे दादी म्हणते आणि सगळ्यांना ते सोयीचे वाटते.

नकाराचे खरे कारण ती चारचौघांत सांगत नाही. उंच गाडीत पाय चढत नाही, दोन तास बसले की गुडघे आखडतात आणि लघवी लागली तर जावयासमोर ‘गाडी थांबवा’ म्हणायला लाज वाटते. अशी एकेक भेट चुकत जाते. अकोल्याचा भाऊ आणि औरंगाबादची बहीण फोनवरच्या आवाजापुरती उरतात. सिला-रहमीची, म्हणजे नाती जोडून ठेवण्याची, जबाबदारी फक्त तरुणांवर नाही. थोरांनाही ती पार पाडायची इच्छा असते. त्यांना ती संधी मिळेल अशी सोय करणे घरच्यांच्या हाती आहे.

अशक्त माणसाच्या प्रवासाचा प्रश्न नवा नाही. हिजरी सन 10 मधील अखेरच्या हजच्या वेळी खसअम कबिल्यातील एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले की, माझे वडील फार वृद्ध आहेत, वाहनावर स्थिर बसू शकत नाहीत, त्यांच्या वतीने मी हज करू का? त्यांनी परवानगी दिली. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची प्रकृती बरी नव्हती, तेव्हा त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करण्यास सांगण्यात आले. एकीला बदली माणसाची सोय मिळाली, दुसरीला बसून जाण्याची. शरीराला काय झेपते, हे दोन्ही ठिकाणी आधी पाहिले गेले.

आपल्या प्रवासातही सुरुवात तिथूनच करावी. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी मुलीने किंवा सुनेने दादीला, मुलाने अब्बांना एकटे गाठून विचारावे: किती वेळ बसवते? किती वेळाने जावे लागते? रात्री की दिवसा बरे वाटते? उत्तर मिळाले की थांबे त्याप्रमाणे ठरवावेत. तासा-दीड तासाने गाडी थांबेल, हे निघतानाच सर्वांना सांगून टाकावे. मग कोणाला मागावे लागत नाही.

शिरपूरहून मालेगाव गाठले की अकोला-वाशीम महामार्ग लागतो. समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी भाग 11 डिसेंबर 2022 रोजी आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. वेळ वाचतो हे खरे. पण अशा रस्त्यावर वाटेत गाव लागत नाही, हवे तिथे थांबता येत नाही आणि कडेला गाडी उभी करणे धोक्याचे असते. म्हणून महामार्गावर चढण्याआधी थांबून सर्वांनी मोकळे होऊन घ्यावे आणि पुढचा पंप किंवा विश्रांतीचे ठिकाण कोठे आहे हे पाहून ठेवावे. जुन्या रस्त्याने तासभर जास्त लागला तरी वाटेत एखाद्या नातेवाइकाचे घर किंवा ओळखीची मशीद असेल, तर तोच रस्ता थोरांना सोपा पडतो.

चालकाशेजारची जागा मागे सरकवून, पाय पसरता येतील अशी थोरांना द्यावी. पट्टा पोटावरून न घेता कमरेच्या हाडावरून घ्यावा. गाडीत बसताना आधी पाठ सीटकडे करून बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय बाहेर काढून, क्षणभर बसून मगच उभे राहावे. एकदम उठल्यास चक्कर येते. उंच जीपसाठी रुंद, न घसरणारे ठोकळ्यासारखे स्टूल बरोबर ठेवावे. काठी किंवा वॉकर सामानाच्या खाली न दाबता वर ठेवावा.

गाडीत थांबावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. विदर्भाच्या उन्हात हे फार घातक आहे. पाणी थोडे थोडे पीत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची, हे आधी विचारून घ्यावे.

खूप वेळ पाय लोंबकळत राहिले की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने घोटे फिरवावेत, पंजे वर-खाली करावेत आणि थांब्यावर चार पावले चालावे. प्रवासानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर उशीर न करता दवाखाना गाठावा. वाटेत गरज पडल्यास 108 वर रुग्णवाहिका मिळते.

मधुमेह असलेल्यांचे इन्सुलिन गाडीच्या काचेजवळ किंवा डिकीत ठेवू नये, उष्णतेने ते निकामी होते. थंड पिशवीत ठेवावे, पण बर्फाला चिकटवू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. म्हणून साखर आणि बिस्किटे हाताशी हवीत. औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढच्या कप्प्यात ठेवावी.

नमाजची काळजीही अनेकांना घरी थांबवते. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर आडवे होऊन नमाज अदा करण्याची सवलत हदीसमध्ये आहे. आपल्याकडील हनफी उलेमांच्या मते सुमारे 77 किलोमीटर किंवा त्याहून लांब जायचे असेल तर गावाची हद्द ओलांडल्यावर चार रकअतींची फर्ज नमाज दोन होते. मुक्काम 15 दिवसांहून कमी असावा. पूर्ण वुजू करून चामडी मोजे घातले असतील, तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यावर मसह करता येतो. ज्यांना वाकून पाय धुणे कठीण जाते, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. आपल्या बाबतीत काय लागू होते, हे आलिमांना विचारून निघावे.

स्वतःची गाडी नसेल तर एसटी आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट लागते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. शेवटच्या रांगेत धक्के जास्त बसतात, म्हणून मधली जागा पाहावी.

ज्या घरी जायचे त्यांनाही आधी कळवावे: खोली तळमजल्यावर हवी, कमोड हवा, बसायला हात असलेली मजबूत खुर्ची हवी. यजमानाला यात ओझे वाटत नाही. न सांगता गेल्यावर होणारी धावपळ त्यांना जास्त जड जाते.

एवढे करूनही अब्बा किंवा दादी ‘नाही’ म्हणाले तर त्यांचा नकार मानावा. मग अकोल्याच्या भावाला शिरपूरला घेऊन यावे. पण आधी त्यांना विचारलेले असावे, थांबे ठरवून, जागा राखून. घर राखायला शेजाऱ्यांनाही सांगता येते.