साथीचे गणित आणि वस्तीचा रकाना

रोगाला जात नसते, हे वाक्य साथ आली की हमखास ऐकू येते. रोगजंतूला जात नसते हे खरे. परंतु तो ज्या वाटांनी फिरतो त्या वाटा समाजाने आखलेल्या असतात, आणि आपल्या समाजात त्या जातीने व दारिद्र्याने आखल्या आहेत. ही गोष्ट भावनेने नव्हे, गणिताने सिद्ध करता येते. म्हणून साथीचे गणित कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

या गणिताचा पाया १९२७ साली एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी घातला. मॅकेंड्रिक हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ साली दृष्टी गमावलेले. आपले समीकरण पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईचे : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला मेलेल्या माणसांचे. जगभर शिकवल्या जाणाऱ्या या शास्त्राच्या पायाशी मुंबईचे मुडदे आहेत, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

त्यांनी लोकसंख्येचे तीन कप्पे केले. लागण होऊ शकेल असे लोक, लागण झालेले लोक, आणि बरे झालेले किंवा मेलेले लोक. नव्या लागणी पहिल्या दोन कप्प्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होतात. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, यावर पुढचे सारे ठरते. प्रत्येकाने दोघांना दिला, तर दहाव्या फेरीत १०२४ नवे रोगी होतात. हा आकडा एकाच्या खाली गेला की साथ विझते. पहिला कप्पा रिता होत जातो तसा हा आकडा घसरतो. म्हणूनच सर्वांना लागण होण्याआधीच साथ थांबते. लसीकरण हेच काम माणसे आजारी न पाडता करते. आकडा ३ असेल, तर दर तिघांपैकी दोघे सुरक्षित झाले की पुरे.

परंतु त्या गुणाकारात एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येक माणूस इतर प्रत्येकाला सारख्याच शक्यतेने भेटतो, हे ते गृहीतक. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी स्वतःच बजावले होते की प्लेग मुळात उंदरांचा रोग आहे, आपल्या अटी येथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत, आणि समीकरणातल्या अंकांवर फार विसंबू नये. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हे गृहीतक फळ्यावर लिहिताना मला गावाचा नकाशा दिसतो. वस्ती गावकुसाबाहेर. वस्तीची माणसे गटारे उपसायला, मेलेले उचलायला गावात जातात. गावचे पाणी आणि गावचा डॉक्टर मात्र वस्तीत येत नाही. येथे सारखी भेट कुठली?

आता एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. हजार माणसांचे गाव. त्यातली २०० वस्तीत, ८०० बाहेर. वस्तीत घरे दाटीची, नळ एकच. तेथे एक रोगी तिघांना रोग देतो. बाहेर हा आकडा ०.८. दोन्हींतला संपर्क अगदी थोडा धरू. साऱ्या गावाची सरासरी १.२४ येते. या सरासरीवर विसंबलेला अधिकारी म्हणेल, १९४ जणांना लस द्या, साथ थांबेल. समान वाटपात वस्तीला ३९ लसी येतील. तेथे १६१ जण उघडे राहतील, आकडा सुमारे २.४ राहील, आणि वस्ती जळत राहील. उलट फक्त १४० लसी, पण साऱ्या वस्तीत दिल्या, तर तेथला आकडा ०.९ होतो. कमी लसीत साथ विझते. ही कुणावर केलेली दया नव्हे. हे शुद्ध अंकगणित आहे.

प्रत्यक्षात काय घडते? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले गेले. कोरोनाची लागण होऊन गेल्याच्या खुणा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत आढळल्या, बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. एकच शहर, एकच विषाणू, तेच महिने. दाटी आणि सामाईक संडास ही कारणे तेव्हाच सांगितली गेली. झोपडपट्टीत केवळ दलितच राहतात असे नाही. परंतु कोण कुठे राहतो, हे या देशात योगायोगाने ठरत नाही.

शास्त्रज्ञांना हे समजत नाही असेही नाही. समाजाचे गट पाडून, कोणता गट कोणाला किती भेटतो याचा तक्ता मांडून प्रारूप सुधारता येते. वयोगटांसाठी असे तक्ते सर्रास वापरले जातात. मग वस्तीचा, जातीचा, कामाचा रकाना का नको? जो रकाना मांडलाच नाही, त्याचे उत्तर कोणतेही समीकरण देऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या साथीत कुणी सरासरी सांगू लागला, तर कार्यकर्त्याने एवढेच विचारावे : ही सरासरी कुणाकुणाची? आपल्या वस्तीत एका नळावर किती घरे, एका संडासावर किती माणसे, साथीत कामावर जावेच लागते असे किती, हे आपण आजच मोजून ठेवले पाहिजे. त्याला मोठे गणित लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, शिक्षकांनी त्यांना मोजायला शिकवावे. आकडे आपल्या हाती असतील, तर सरासरीआड वस्ती लपवणे कुणालाही सोपे जाणार नाही.