दुबई-मुंबई: अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

शारजात नाहीतर बर दुबईत मराठी घरात सुट्टीची तिकिटं काढायला बसलं की पहिला घोळ घड्याळाचा होतो. समजा, दुबईहून सकाळी दहाला सुटणारं विमान मुंबईला दुपारी अडीचला उतरतं आणि मुंबईहून दहाला सुटणारं दुबईत पावणेबाराला. तिकिटावरून एकीकडे साडेचार तास, दुसरीकडे पावणेदोन. पण वेळा त्या त्या ठिकाणच्या आहेत आणि भारताचं घड्याळ अमिरातीच्या दीड तास पुढे असतं. तेवढा हिशेब केला की मुंबईला जायला तीन तास आणि दुबईला यायला सव्वातीन. म्हणजे जो प्रवास लांबलचक दिसतो, तोच खरा कमी वेळाचा! अंतर तर दोन्हीकडून सारखंच, सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर. मग हा पाव तास आला कुठून?

माझ्या मते उत्तर वाऱ्यात आहे. विमान हवेला कापत जातं आणि ती हवाच वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखातावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा ताशी १०० धरला, तर मुंबईकडे जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ९५० होतो, परतताना ७५०. सगळं अंतर याच वेगानं कापलं, तर एकीकडे दोन तास दोन मिनिटं, दुसरीकडे दोन तास चौतीस मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक नुसत्या वाऱ्यानं पडला.

यावर हमखास निघणारा मुद्दा पृथ्वीच्या फिरण्याचा. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून सरकत असती तर दुबईच लवकर यायला हवी होती. घडतं उलट, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं. याहून पक्का पुरावा पावसाळ्याचा. जूननंतर हे पश्चिमी वारे हिमालयापलीकडे सरकतात, दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात आणि दोन्ही दिशांच्या वेळांतला फरक आटतो. पृथ्वीचं फिरणं काही जानेवारीत एक आणि जुलैत दुसरं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपन्या वेळापत्रकात मिनिटं वाढवून ठेवतात. ठेवतात, आणि ठेवायलाच हवीत. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पण ही सगळी मिनिटं बाजूला काढून नुसती उड्डाण ते उतरणं एवढीच वेळ मोजली, तरी हिवाळ्यातला फरक उरतोच.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं. समुद्रावरून जाणाऱ्या मुंबई-दुबई मार्गाला त्याची विशेष झळ बसली नाही, दिल्ली-दुबई मार्गाला मात्र बसली. वाऱ्याऐवजी वाटच वळते तेव्हा काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.