दुकानातली लक्ष्मी छापील, मग तिचं मोल कमी?

शिरूर अनंतपाळच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानात डोकावून बघा. गल्ल्याच्या वर, उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेल्या फ्रेममध्ये बहुधा एक लक्ष्मी दिसेल. कमळावर उभी, चार हात, काठाची साडी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. हे रूप कुणी काढलं, असं विचारलं तर सहसा उत्तर मिळत नाही.

ते घरोघरी पोहोचवलं राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी. त्यांची तैलचित्रं राजवाड्यांत लागायची. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद एकेका दगडावर दाबत चित्र पुरं व्हायचं. धंदा काही नीट जमला नाही. रविवर्मांनी छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकला. दादासाहेब फाळक्यांनीही पुढे तिथे काम केलं.

इतक्या प्रती निघाल्यावर कलेचा अर्थ उरतो का? जर्मन विचारवंत वाल्टर बेंयामिन यांनी १९३०च्या दशकात मांडलं, की यंत्रानं प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेज ओसरतं. युरोपातल्या संग्रहालयांपुरतं ते पटतंही. आपल्याकडे मात्र मूळ चित्र पाहिलंय कुणी? इथं तेज आलं ते हळदीकुंकवानं. त्या काळी छापील चित्रांवर जर आणि टिकल्या शिवून देवीला सजवायचे. एकसारखे कागद त्यातून वेगवेगळे व्हायचे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर देव आले. ही गोष्ट लहान नाही.

नुकसान झालं ते वेगळंच. नकलेची नक्कल होत गेली, रंग भडक झाले, चित्रकाराचं नाव गळालं. शिवाय सगळीकडे एकच चेहरा. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्यांचे मुखवटे घराघरांत निराळे असायचे. आता बाजारात तेही एका साच्यातले मिळतात. खटकतं ते हे.

रविवर्मांची चित्रं १९७९ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. दुकानातल्या लक्ष्मीला असा कायदा नाही. तरी वर्ष सरलं की जुनं कॅलेंडर रद्दीत टाकायला हात धजत नाही. लक्ष्मीचं चित्र तेवढं कापून कुणी तरी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतं.