मुरमातली कण्हेर

मुदखेडची ओळख फुलशेतीसाठी आहे. पण ती फुले काळ्या मातीत, पाटाच्या पाण्यावर पोसलेली. तुमच्या शाळेच्या आवारात वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम असेल, तर काय लावाल? मी कण्हेर सुचवीन.

तिचे पान न तोडता उलटून भिंगातून पाहा. बारीक ठिपके दिसतील. ते सूक्ष्म खड्डे होत. पर्णरंध्रे त्यांच्या आत असतात, भोवती केसांची दाटी. वाऱ्यावर टाकलेला ओला पंचा लगेच वाळतो. तोच अरुंद तोंडाच्या मडक्यात ठेवला तर ओलाच राहतो, कारण आतली दमट हवा हलत नाही. हे खड्डे म्हणजे अशीच मडकी. त्यांनी नेमके किती पाणी वाचते याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पानावरील जाड, मेणचट थराचे काम मात्र निर्विवाद.

उन्हाळ्यातच पहारीने मुरूम फोडून दीड-दोन फुटांचा खड्डा घ्या, माती व कुजलेले शेणखत भरा. पहिल्या पावसावर वीतभर काडी लावा. पुढचा एक उन्हाळा पाणी द्यावे लागते. मुळे मुरमाच्या भेगांत शिरली की फारसे लागत नाही.

शेळ्या तिला तोंड लावीत नाहीत. त्याचे कारण गंभीर आहे: पान, फूल, काडी, बी, सारेच विषारी, आणि विषाचा आघात थेट हृदयावर होतो. छाटताना चीक हाताला लागू देऊ नका, काड्या जाळू नका. पहिली-दुसरीची मुले खेळतात तेथे तर कण्हेर नकोच. तेथे पिवळ्या फुलांचा तरवड लावा. मुरमात तोही तग धरतो.