बचावपटूच्या हाती संघ
गोव्याच्या महेश गवळींचं (जन्म १९८०) नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत शोधू नये. त्यांचं काम गोल होऊ न देण्याचं. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेल्या या सेंटर-बॅकने २००३ मध्ये ईस्ट बंगालसोबत जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, पुढे डेम्पो क्लबची बचावफळी सांभाळली. मग प्रशिक्षण.

खरी कसोटी २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत लागली. भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच लाल कार्डामुळे निलंबित! उपांत्य आणि अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या मैदानाकडेला उभे राहिले ते सहायक प्रशिक्षक गवळी. लेबनॉनला पेनल्टींवर हरवलं. ४ जुलैला कुवेतशी १-१ बरोबरी, पुन्हा पेनल्टी. अखेर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने कुवेतच्या हाजियाचा फटका अडवला: भारत ५-४.